‘द ग्रेट गॅट्सबी’च्या पेपरची तयारी : शिक्षकांचे आणि क्लासवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची ही कादंबरी मुंबईत कुठे बी.ए.च्या वर्गात लागते, कुठे आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत. पेपर इंग्रजीत लिहायचा, समजावून सांगणं मात्र निम्मं मराठीत चालतं, हे धरूनच खालची उत्तरं दिली आहेत. गोष्ट मुलांना आठवड्याभरात पाठ होते. मार्क जातात ते गोष्ट कोण सांगतंय, कधी सांगतंय आणि त्याला पुरावा काय, या तीन ठिकाणी.

पुस्तक केवढं आहे? किती दिवस धरायचे?

नऊ प्रकरणं आणि ५० हजारांच्या आत शब्द. मिनिटाला १२० शब्द, म्हणजे सावकाश वाचणाऱ्या मुलालाही सात तास पुरतात. अडलेले शब्द आणि मागे जाऊन पुन्हा वाचणं धरून दहा तास ठेवा. तीन आठवडे हातात असतील तर पहिल्या आठवड्यात प्रकरण १ ते ४, दुसऱ्यात ५ ते ९ आणि तिसरा आठवडा फक्त लिहिण्याचा. सातवं प्रकरण सगळ्यात लांब आहे, त्याला दोन तास वेगळे काढा.

बिघडतं ते नेहमी एकाच पद्धतीने. पार्ट्या, दिवे, जॅझ यांत पहिली तीन प्रकरणं रंगवून शिकवली जातात, मग पोर्शन उरकायची घाई होते आणि ७ ते ९ एका तासात गुंडाळली जातात. कथेचा सगळा निकाल तिथे लागतो, त्यामुळे मोठ्या उत्तराचा शेवट लिहायला मुलांकडे काहीच उरत नाही.

कोणती प्रत घ्यायची?

कोणतीही चालेल, फक्त पूर्ण हवी. पुस्तक १० एप्रिल १९२५ ला आलं, लेखक १९४० मध्ये गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि अमेरिकेतही हे पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झालं आहे. त्यामुळे वाटेल तो प्रकाशक ते छापतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवर जुनी प्रतही सहज सापडते.

घेताना दोन गोष्टी बघा. मुखपृष्ठावर ‘अब्रिज्ड’ किंवा ‘रीटोल्ड’ लिहिलं असेल तर ती प्रत नको. आणि प्रकरणं नऊच आहेत ना, हे मोजा. सुरुवातीला चार ओळींची कविता असते. तिच्याखाली ज्या कवीचं नाव आहे तो खरा कवी नाही, फिट्झगेराल्डच्याच आधीच्या एका कादंबरीतलं पात्र आहे. काही स्वस्त प्रतींत ही कविता गाळलेली असते. तेवढ्याने परीक्षेत बिघडत नाही, पण अशा प्रतीत आणखी काय गाळलंय ते तपासून घ्यावं.

एका वर्गात पाच-सहा वेगवेगळ्या आवृत्त्या असतातच. म्हणून पान नंबराची सवय लावू नका. ‘पाचवं प्रकरण, घड्याळाचा प्रसंग’ असा पत्ता सांगायला शिकवा. पेपरमध्येही हाच उपयोगी पडतो.

गाईडवर भागेल का?

एका वाक्यातल्या उत्तरांपुरतं भागेल. उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारला की गाईड कामाचं राहत नाही, कारण त्यात मूळ वाक्यं नसतात, त्यांचा सारांश असतो. शिवाय अख्ख्या वर्गाने एकच गाईड वापरलं की तपासणाऱ्याला तिसऱ्या पेपरपासूनच ती वाक्यं ओळखू येतात. मोबाईलवरून किंवा एआयकडून घेतलेली अवतरणं तर गुटेनबर्गच्या फाईलमध्ये शोधून बघितल्याशिवाय वहीत उतरवू देऊ नका. पुस्तकात नसलेली वाक्यं त्यात सर्रास निघतात.

मोठ्या उत्तरात मुलं नक्की काय चुकतात?

प्रश्न काहीही असो, ती गोष्ट सांगतात. दीड पान गोष्ट आणि शेवटी दोन ओळी ‘अशा प्रकारे लेखकाने दाखवले आहे की…’. यावर उपाय म्हणजे एकच लहानसा प्रसंग घेऊन तो पिळून काढायची सवय. पाचव्या प्रकरणातला घड्याळाचा प्रसंग यासाठी उत्तम.

गॅट्सबी आणि त्याची जुनी प्रेयसी डेझी निवेदक निकच्या घरी इतक्या वर्षांनी भेटतात. गॅट्सबी शेकोटीवरच्या फळीला टेकून उभा आहे, आपण अगदी निवांत आहोत असं दाखवतोय. फळीवर एक बंद पडलेलं घड्याळ आहे. त्याच्या डोक्याचा धक्का लागून ते कलतं, तो वळून थरथरत्या बोटांनी सावरतो, जागेवर ठेवतो आणि माफी मागतो. निक म्हणतो, जुनंच घड्याळ आहे. आणि निवेदनात एक वाक्य येतं, की क्षणभर त्या सगळ्यांनाच वाटलं, ते खाली पडून फुटलं. लगेच डेझी अगदी सहज आवाजात म्हणते, आपण भेटून बरीच वर्षं झाली. गॅट्सबी तत्काळ सांगतो, येत्या नोव्हेंबरात पाच वर्षं होतील.

‘गॅट्सबी आणि भूतकाळ’ असा प्रश्न आला, तर कच्चं उत्तर लिहितं की ते चहाला भेटले, पाऊस पडत होता, तो घाबरला होता. हे सगळं खरं आहे, पण प्रश्नाचं उत्तर नाही. पक्कं उत्तर तीन गोष्टी उचलतं : घड्याळ आधीच बंद होतं, म्हणजे तो जिवापाड वाचवतोय ती वस्तू केव्हाच थांबलेली आहे, न फुटलेलं घड्याळ फुटल्यासारखं सगळ्यांना वाटतं, आणि तिच्या ‘बरीच वर्षं’समोर त्याचा महिन्यासकट हिशेब. एवढ्यावर शंभर-सव्वाशे शब्दांचा परिच्छेद उभा राहतो.

परिच्छेदाचं माप असं ठेवा : एक वाक्य मुद्द्याचं, दोन वाक्यं पुराव्याची (कोण, कुठे, आणि मूळ इंग्रजीतले चार-पाच शब्द अवतरणात), तीन वाक्यं त्या शब्दांवर, एक वाक्य प्रश्नाकडे परत. असे चार परिच्छेद झाले की मोठं उत्तर झालं. पाच ओळींचं लांबलचक अवतरण पाठ करायला लावू नका. ऐन वेळी त्यातला एक शब्द सुटतो आणि मूल तिथेच अडून बसतं.

निक कॅरवेवर एवढा भर कशासाठी? हीरो तर गॅट्सबी आहे.

कारण गॅट्सबी आपल्याला दिसतो तो फक्त निकच्या डोळ्यांनी. आपण कुणाबद्दल पटकन मत बनवत नाही, असं निक पहिल्याच पानावर सांगतो आणि पुढे पुस्तकभर मतं देत सुटतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो स्वतःला आपल्या ओळखीतल्या मोजक्या प्रामाणिक माणसांत बसवतो, तेही स्वतःच्या गावाकडचं एक प्रकरण अजून मिटवायचं बाकी असताना. तो डेझीचा लांबचा भाऊ, तिचा नवरा टॉम याचा कॉलेजातला ओळखीचा आणि गॅट्सबीचा शेजारी आहे. तटस्थ राहणं त्याला परवडणारं नाही.

वर्गात करायचं काम : निक जिथे स्वतः हजर नव्हता असे प्रसंग मुलांना शोधायला सांगा. १९१७ मधल्या डेझीची हकिकत चौथ्या प्रकरणात तिची मैत्रीण जॉर्डन सांगते. गॅट्सबीचं मूळ आयुष्य सहाव्या आणि आठव्या प्रकरणात येतं, ते गॅट्सबीने निकला सांगितलेलं. टॉमची प्रेयसी मर्टल जिच्यात मरते तो अपघात आणि तिचा नवरा, गॅरेजवाला विल्सन याची ती रात्र, हे मुख्यतः शेजारी मिकेलिसकडून कळलेलं. मर्टलच्या फ्लॅटवरच्या पार्टीत निक हजर आहे, पण स्वतः प्यायलेला आहे आणि त्याचं निवेदन शेवटी तुटक होतं. ही चार उदाहरणं माहीत असली की ‘निकवर विश्वास ठेवावा का’ या नेहमीच्या प्रश्नाला मूल अडत नाही. उत्तर ‘हो’ की ‘नाही’, हे त्याचं त्याने ठरवावं. दोन्ही बाजूंनी पूर्ण मार्क मिळू शकतात.

घटनांचा काळ मुलांना लागत नाही. सोपा मार्ग?

फळ्यावर आडवी रेघ मारा आणि पुस्तकातला क्रम बाजूला ठेवून खऱ्या क्रमाने भरा. १९०६, लहान जेम्स गॅट्झचं (हे गॅट्सबीचं मूळ नाव) दिवसभराचं वेळापत्रक (हे आपल्याला थेट नवव्या प्रकरणात दिसतं). सतराव्या वर्षी श्रीमंत डॅन कोडीची बोट आणि नवं नाव. १९१७, लुईव्हिल आणि डेझी. मग महायुद्ध. जून १९१९, डेझीचं टॉमशी लग्न. पुढच्या एप्रिलमध्ये मुलगी. १९२२ चा उन्हाळा, म्हणजे कादंबरीतला वर्तमान. आणि या सगळ्यानंतर दोन वर्षांनी निक मागे वळून लिहितोय.

शेवटचा टप्पा बहुतेक मुलं विसरतात. निकच्या सुरात जो खेद आहे तो त्या दोन वर्षांच्या अंतरातून येतो.

ईस्ट एग कुठलं आणि वेस्ट एग कुठलं?

ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत, म्हणजे टॉम आणि डेझी. वेस्ट एगमध्ये नवश्रीमंत, म्हणजे गॅट्सबी, आणि त्याच्या शेजारी महिना ८० डॉलर भाड्याच्या घरात निक. मध्ये खाडी. वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये राखेचे ढीग, तिथे विल्सनचं गॅरेज. समजावताना मलबार हिलचं उदाहरण खुशाल द्या, उत्तरपत्रिकेत मात्र ते येऊ देऊ नका.

दारूबंदी, बूटलेगर (चोरटी दारू विकणारा), ड्रगस्टोअर (औषधाचं दुकान) हे कसं समजावायचं?

मुंबईच्या मुलांना हे सोपं जायला हवं. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि त्याच्या आडून हातभट्टी, चोरटे गुत्ते आणि परमिट असं सगळं उभं राहिलं. अमेरिकेत देशभर दारूबंदी होती जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३. फरक असा की तिथे पिणं हा गुन्हा नव्हता. बनवणं, विकणं आणि वाहून नेणं गुन्हा होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून व्हिस्की कायदेशीर मिळायची. म्हणून टॉम सातव्या प्रकरणात गॅट्सबी आणि त्याचा धंद्यातला साथीदार वोल्फशाइम यांच्या ‘ड्रगस्टोअर्स’चं बिंग फोडतो तेव्हा सगळ्यांना अर्थ लगेच कळतो. पुस्तकात तो वोल्फशाइम १९१९ ची बेसबॉलची वर्ल्ड सीरिज फिक्स करणारा माणूस आहे. तसा घोटाळा त्या वर्षी खरोखरच झाला होता. मॅच फिक्सिंग आपल्या मुलांना वेगळं समजावायला लागत नाही.

निकचा धंदा ‘बाँड’चा, म्हणजे कर्जरोख्यांचा. ‘जेम्स बाँड’ असं वहीत लिहिलेलंही सापडतं, तेव्हा हा शब्द पहिल्याच दिवशी सांगून टाका.

प्रतीकांवर हमखास प्रश्न येतो. रंगांचा तक्ता पाठ करून घ्यावा का?

नको. ‘हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे निरागसता’ असा तक्ता पाठ केलेलं मूल डेझीचे पांढरे कपडे बघून तिला निरागस ठरवतं आणि फसतं. प्रतीक प्रत्येक वेळी जागेवर तपासायचं.

खाडीपलीकडे डेझीच्या धक्क्यावर असलेला हिरवा दिवा तीन ठिकाणी घट्ट धरा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात त्याच्या दिशेने हात पसरतो. पाचव्यात डेझी शेजारी उभी असते, आणि त्या दिव्याचं महत्त्व आता कायमचं संपलं असावं, असं निक नोंदवतो. नवव्याच्या शेवटी तो दिवा एका माणसाचा उरत नाही. या तिन्हींत अर्थ बदलत जातो, आणि मार्क त्या बदलाला आहेत.

राखेच्या ढिगांवरच्या जाहिरात फलकातले डॉ. एकलबर्गचे डोळे म्हणजे देव, हे वाक्य तर जवळपास प्रत्येक वहीत असतं. पण असं लेखक म्हणत नाही, निकही म्हणत नाही. बायको गेल्यावर भान हरपलेला विल्सन तसं बोलतो आणि मिकेलिस त्याला तिथल्या तिथे सांगतो, ती जाहिरात आहे. दोघांचंही बोलणं उत्तरात आलं पाहिजे.

आणि गॅट्सबीची गाडी. निकला ती चौथ्या प्रकरणात साईच्या रंगाची दिसते, सातव्यात तीच पिवळी आहे, आणि अपघातानंतर मिकेलिस पहिल्या पोलिसाला ती फिकट हिरवी सांगतो. हुशार मुलांना यावर एक परिच्छेद लिहायला द्या, साक्षीदार किती डळमळीत आहेत हा मुद्दा त्यांना आपोआप सापडतो.

लहान प्रश्नांत हमखास कुठे गफलत होते?

सातव्या प्रकरणातल्या गाड्यांत. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलकडे जाताना गॅट्सबीची पिवळी गाडी टॉम चालवतो, सोबत निक आणि जॉर्डन. डेझी आणि गॅट्सबी टॉमच्या निळ्या गाडीत. वाटेत पेट्रोल भरताना मर्टल वरच्या खिडकीतून टॉमला पिवळ्या गाडीत बघते आणि जॉर्डनला त्याची बायको समजते. परतताना अदलाबदल होते : पिवळीत गॅट्सबी आणि डेझी, आणि चालवतेय डेझी. म्हणून मर्टल त्या गाडीसमोर धावते. गाडी कुणाची हे विल्सनला टॉम सांगतो, पण ते निकला आणि आपल्याला कळतं नवव्या प्रकरणात. फळ्यावर दोन रकाने करा, जाताना आणि येताना. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी किरकोळ : मर्टलचं नाक टॉम फोडतो, दुसऱ्या प्रकरणात. गॅट्सबीच्या लायब्ररीत पुस्तकं खरी आहेत म्हणून चकित होणारा चष्मेवाला माणूस पुढे त्याच्या अंत्यसंस्काराला येतो. निकचा तिसावा वाढदिवस प्लाझाच्याच दिवशी असतो.

टॉमची वंशद्वेषाची भाषा, वोल्फशाइमचं ज्यू म्हणून केलेलं वर्णन : हे वर्गात टाळावं का?

टाळू नका, मुलं ते वाचणारच आहेत. टॉम पहिल्याच जेवणात गोऱ्या वंशावर संकट आल्याचं एका पुस्तकाच्या हवाल्याने सांगतो. तेव्हाच्या अमेरिकेत असली पुस्तकं खपत होती आणि १९२४ मध्ये परदेशातून येणाऱ्यांवर कडक बंधनं घालणारा कायदाही झाला. टॉमला कादंबरी हास्यास्पद ठरवते. वोल्फशाइमचं तसं नाही, त्याचं साचेबंद वर्णन खुद्द निक करतो. म्हणून उत्तरात ‘वोल्फशाइम असा आहे’ असं लिहू नये, ‘निक त्याचं असं वर्णन करतो’ असं लिहावं. एवढ्या बदलाने वाक्य सुरक्षितही होतं आणि धारदारही.

सिनेमा दाखवावा का?

पुस्तक पूर्ण वाचून झाल्यावर. २०१३ च्या सिनेमात वोल्फशाइम अमिताभ बच्चन आहेत, त्यामुळे मुलं हौसेने बघतात आणि मग सिनेमातलं पेपरात लिहितात. त्यात निक सॅनिटोरियममध्ये डॉक्टरच्या सांगण्यावरून लिहितो. पुस्तकात सॅनिटोरियम नाही. पुस्तकात अंत्यसंस्काराला गॅट्सबीचे वडील येतात, त्या सिनेमात ते नाहीत. ‘वडील आले का’ हा प्रश्न विचारून सिनेमावर विसंबलेलं मूल दहा सेकंदांत पकडता येतं.

मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, तर?

मुद्दे मराठीत काढू द्या, वाक्यं लहान ठेवा. कथेतल्या घटना इंग्रजीत वर्तमानकाळात लिहायच्या, लेखकाचं आयुष्य आणि इतिहास भूतकाळात. काळांची सरमिसळ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नावांची स्पेलिंगं आधी पक्की करा : कॅरवेमध्ये ‘आर’ दोनदा, बुकॅननमध्ये ‘एन’ लागोपाठ दोनदा कुठेच नाही. वोल्फशाइमचं स्पेलिंग आवृत्तीगणिक बदलतं, वर्गात एकच ठरवून घ्या. हाताने लिहिताना पुस्तकाच्या नावाखाली रेघ, म्हणजे पुस्तक आणि पात्र यांत गोंधळ होत नाही.

वेळेचं गणित?

मोठ्या उत्तराला ४५ मिनिटं मिळत असतील तर पाच मिनिटं आराखडा, पस्तीस मिनिटं लेखन आणि पाच मिनिटं नजर फिरवायला. आराखडा म्हणजे चार मुद्दे आणि प्रत्येकासमोर प्रकरणाचा आकडा. आकडा आठवत नसेल तर मुद्दा बदलायचा.

सराव पेपर तपासायला वेळ पुरत नाही.

मुलांनाच तपासू द्या. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. गोष्ट सांगणारी वाक्यं एका रंगाने, पुरावा दुसऱ्याने, स्पष्टीकरण तिसऱ्याने अधोरेखित करायची. पान एकाच रंगाचं झालेलं दिसलं की वेगळं बोलावं लागत नाही. प्रीलिमच्या आधी असे तीन पेपर पुरेत. त्यापुढे मुलं रंग सांभाळत लिहायला लागतात आणि उत्तर कृत्रिम होतं.

मुलाने काहीच वाचलेलं नाही आणि तीनच दिवस उरलेत.

पहिला दिवस : प्रकरण १ आणि ५ पूर्ण, वर दिलेली वर्षांची रेघ पाठ. दुसरा : प्रकरण ७ पूर्ण, गाड्यांचे दोन रकाने, आणि आठव्यातला विल्सन-मिकेलिस संवाद. तिसरा : नववं पूर्ण, चौथ्यातली जॉर्डनची हकिकत, सहाव्यात गॅट्सबी भूतकाळ परत आणता येतो असं म्हणतो तेवढा भाग, आणि घड्याळ लावून एक उत्तर. दुसरं आणि तिसरं प्रकरण सारांशावर भागवा. चौथ्यातली पाहुण्यांची लांबलचक यादी सोडून दिली तरी चालेल.